एक जूनचे नझीरभाई

माझ्या पत्रांवर तारीख कशी लिहिलेली असते, हे तुम्ही दोघांनी पाहिलं असेलच. उजव्या कोपऱ्यात आधी 'पनवेल', मग दिवस आकड्यात, महिना अक्षरांत आणि वर्ष पूर्ण चार आकडी. ईशान, मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं अमेरिकेहून आलात तेव्हा तू मला हसलास. "आजी, नुसतं आठ बारा लिही ना, केवढं ते लांबलचक!" मी विचारलं, आठ बारा म्हणजे काय? तू म्हणालास, बारा ऑगस्ट. मीरा तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडत होती. ती तिथूनच ओरडली, "आठ डिसेंबर!" तुम्ही दोघं भांडत बसलात आणि मला नझीरभाई आठवले.

तुम्हाला वाटत असेल, ही शिस्त मला माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली. त्यांनी पुष्कळ काही लावलं. वहीला समास, रुमालाला घडी, बोलण्यात पूर्ण वाक्य. तारखेची शिस्त मात्र मला पन्नाशी उलटल्यावर लागली. ती लावणारा माणूस आमच्या शाळेच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलाशी, लिंबू पिळलेला बिनदुधाचा चहा पीत बसायचा.

मी मुख्याध्यापिका होते तेव्हाची गोष्ट. दोन हजार सातच्या सुमाराला आमच्या संस्थेने ठरवलं की शाळेची जनरल रजिस्टरं कम्प्युटरवर घ्यायची. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत पहिलीपासून बारावीपर्यंत जे जे मूल आलं, त्याचं नाव, गाव, आईवडील आणि जन्मतारीख लिहिलेली मोठी जाड वही. मूल शाळा सोडतं तेव्हा तिच्यावरून दाखला देतात आणि तो दाखला जन्मभर पुरतो. हे काम करायला संस्थेने नझीर मुकादम यांना पाठवलं. पनवेलच्याच मोहल्ल्यातले, पंचवीस वर्षं आखातात एका बंदरावरच्या कंपनीत कम्प्युटर सांभाळून परत आलेले. अम्मी थकल्या होत्या, त्यांच्यासाठी ते आले होते. आता करंजाड्याला नव्या इमारतीत राहत होते.

पहिल्या दिवशी ते आले आणि त्यांनी कम्प्युटर कुठे आहे हे विचारलंच नाही. "बाई, हात कुठे धुऊ?" असं विचारलं. हात धुतले, खिशातल्या रुमालाला कोरडे पुसले आणि मग सर्वांत जुनं रजिस्टर उघडलं. पानावर बोट न टेकवता, एक बोटभर वरून फिरवत ते वाचत राहिले. जन्मतारखेचे दोन रकाने असतात. एक अंकी, एक अक्षरी. ते अक्षरी रकाना मोठ्याने वाचत होते. "तीन ऑगस्ट एकोणीसशे बासष्ट. अकरा जानेवारी एकोणीसशे त्रेसष्ट. वा! काय हात आहे लिहिणाऱ्याचा. बाई, ही अमानत आहे."

आमचे हेडक्लार्क पाटील दारात उभे राहून हे पाहत होते. पाटील इथल्याच गावचे, शेती सिडकोला गेलेली, स्वभाव मात्र बांधावरचा. कम्प्युटर आल्याचा त्यांना राग होता आणि तो ते लपवत नसत.

"वाचा, वाचा," ते म्हणाले. "आमी चाळीस वर्सं लिवलेलं तुमचं मशीन दोन म्हैन्यात खाऊन टाकनार हाय म्हनं."

"खाणार नाही पाटीलसाहेब, पाठ करणार."

"पाठ केलेलं पोरं इसरतात. लिवलेलं ऱ्हातं."

नझीरभाई एवढ्यावर खूष झाले. ही वाक्यं त्यांनी नंतर मला निदान दहा वेळा ऐकवली असतील.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पहिली हीच. कोणी '५/६ ला या' अशी चिठ्ठी पाठवली की ती परत जायची. शिपाई वैतागून विचारायचा, "काय लिहून आणू साहेब?" "महिन्याचं नाव लिहून आण. महिन्याला आईबापाने नाव ठेवलंय ना?" फोनवर कोणी "दहा वाजता" म्हणालं की हे विचारत, "कुठले दहा?" संस्थेच्या ऑफिसातल्या मुली त्यांना मागे 'कुठलेभाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलं, "हां, मी कुठलेभाई बोलतोय, पनवेलचा."

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. आखातातल्या त्यांच्या कंपनीचं ऑफिस अमेरिकन पद्धतीचं. धाकट्या बहिणीचा निकाह सहा मेला ठरला, म्हणून यांनी जानेवारीतच रजेचा अर्ज दिला. चार मेपासून, म्हणून '४/५' लिहिलं. ऑफिसने वाचलं एप्रिलची पाच तारीख. रजा मंजूर झाली. एप्रिलमध्ये हे कामावर दिसले, तेव्हा कोणीतरी कागदावर शेरा मारला की रजा घेतली नाही, सबब रद्द. तीन मेला बॅग भरून हे कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट मागायला गेले, तर साहेब म्हणाला, तुझी रजा रद्द होऊन महिना झाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय बाई, बहिणीच्या निकाहाची बिर्याणी मी टेलिफोनवर ऐकली."

ते हसले, मीही हसले. पण त्यानंतर मी माझ्या टेबलावरच्या सगळ्या कागदांवर महिना अक्षरांत लिहायला लागले.

कम्प्युटर तारीख कशी ठेवतो हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मी इंग्रजी शिकवणारी बाई, मला यंत्राचं काय कळतंय असं ते कधी धरून चालले नाहीत. खडू घेऊन ऑफिसच्या फळ्यावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि मधे एक टिंब दिलं.

"याला कॅलेंडर कळत नाही. अधिक महिना नाही, रविवार नाही, काही नाही. याला फक्त मोजता येतं. हे टिंब म्हणजे एकोणीसशे सत्तर सालच्या एक जानेवारीचे रात्रीचे बारा. कुठले बारा? ग्रीनिचचे. त्याच्यापुढे किती सेकंद गेले, तेवढा आकडा हा लक्षात ठेवतो. तुम्ही तारीख विचारली की आकड्यावरून हिशेब करून सांगतो. बस."

"आणि सत्तरच्या आधी जन्मलेल्यांचं काय?"

"ते उणे. तुम्ही उणे, मी उणे, पाटीलसाहेब तर फारच उणे."

"ते बायकोपन म्हनते," पाटील फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

"आणि बाई, ग्रीनिचला रात्रीचे बारा होते तेव्हा आपल्या पनवेलला सकाळचे साडेपाच. तुमच्या दारात दूध आलेलं असणार."

मी मान डोलावली. हे साडेपाच तास पुढे आमच्या शाळेवर येऊन आदळणार आहेत हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

नोंदी करायला घेतल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी नझीरभाई रजिस्टर घेऊन माझ्या खोलीत आले. "बाई, तुमच्या शाळेत एक जूनला एवढी मुलं जन्माला येतात?"

उत्तर पाटलांनी दिलं. जूनमध्ये शाळा उघडायची, आईबाप मुलाला हाताला धरून आणायचे. जन्मतारीख विचारली की कोणी म्हणे भाताच्या लावणीला झाला, कोणी म्हणे मोठ्या उधाणाच्या वर्षी. गुरुजी मुलाकडे बघून वर्षाचा अंदाज करत आणि एक जून लिहून टाकत. आमच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, तो असा.

नझीरभाई खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे माझा पण गुरुजी असाच! अम्मी म्हणते, तू रमझानातल्या जुम्म्याला झालास. पासपोर्टवर एक जून. पंचवीस वर्षं मी म्हणायचो, अम्मी विसरली असेल."

"म्हंजी तुमी आमचेच," पाटील म्हणाले. त्या दिवसापासून ते नझीरभाईंना लिंबाची फोड स्वतः कापून देऊ लागले.

काम पुरं झालं. दाखले कम्प्युटरवरून निघायला लागले, स्वच्छ, सुवाच्य. अंकी तारीख आणि खाली अक्षरी तारीख, दोन्ही छापील. दोन हजार नऊच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेने तिच्या सर्व शाळांची माहिती एकाच ठिकाणच्या, भाड्याने घेतलेल्या मोठ्या मशीनवर हलवायची ठरवली. तेही काम नझीरभाईंनीच केलं. जूनमध्ये बारावीची मुलं दाखले घेऊन गेली.

ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी अकरा वाजता हर्षदा कोळी ही त्यांच्यातलीच एक मुलगी वडिलांबरोबर माझ्या खोलीत आली. उरणकडची, मासेमारी करणाऱ्या घरातली, त्या घरातली बारावी झालेली पहिलीच. मुंबईच्या एका नर्सिंग कॉलेजात तिची निवड झाली होती. कागद तपासताना बोर्डाच्या दाखल्यावर एक जून आणि आमच्या दाखल्यावर एकतीस मे निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत खरं काय ते सिद्ध करा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, असं तिला सांगितलं होतं.

"बाई, माझी सीट जाईल का हो?" एवढंच ती तीनदा म्हणाली.

मी वडिलांना विचारलं, खरी तारीख कोणती? ते संकोचून म्हणाले, "तिची आय म्हनते होलीच्या आदी झाली. मना काय ठावं बाई, मी तवा दर्यावर."

पाटलांनी रजिस्टर आणून उघडलं. त्यांच्याच हातची नोंद. अंकी एक जून, अक्षरी एक जून. कम्प्युटरवर एकतीस मे. "बगा!" ते म्हणाले, पण मुलीचा चेहरा पाहून त्यांना विजयाचा आनंद काही घेता आला नाही.

नझीरभाई अर्ध्या तासात करंजाड्याहून आले. कीबोर्डला हात न लावता ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाटीलसाहेब, एक जून नसलेली तीन मुलं सांगा." पाटलांनी रजिस्टरातून तीन नावं वाचली. तिन्ही मुलं मशीनवर एक एक दिवस आधी जन्मलेली.

"साडेपाच तास," नझीरभाई म्हणाले.

मी समजले नाही असं पाहून त्यांनी सांगितलं. जन्मतारखेला वेळ नसते, म्हणून त्यांनी प्रत्येक मुलासाठी रात्रीचे बारा धरले होते, इथले बारा. त्याचा सेकंदांचा आकडा करून ठेवला. जुनं मशीन इथल्या घड्याळावर होतं, ते बरोबर तारीख सांगायचं. नवं मशीन ग्रीनिचच्या घड्याळावर. एक जूनचे इथले बारा म्हणजे तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा. संध्याकाळचे साडेसहा छापायला दाखल्यावर जागाच नाही, म्हणून त्याने नुसतं एकतीस मे छापलं.

"मी हलवलं आणि घड्याळ बघितलं नाही." मग दाखला हातात घेऊन ते म्हणाले, "ही तर गलती आहेच. मोठी गलती दुसरी आहे, बाई. अक्षरी रकाना कशाला असतो? अंकी चुकलं तर सांगायला. माणूस दोनदा लिहितो, दोनदा विचार करतो. मी काय केलं? अंकी पण त्याच आकड्यातून काढलं आणि अक्षरी पण त्याच आकड्यातून. दोन्ही साक्षीदार एकाच तोंडाने बोलायला लावले."

मी तातडीने दुरुस्त दाखला तयार करायला सांगितलं, हाताने लिहून. हर्षदाचं काम होईल, मशीन नंतर निस्तरू, कोणाला फार कळायची गरज नाही, असं माझ्या मनात आलं. मी ते बोललेही. तुमची आजी त्या दिवशी शाळेच्या नावाला जपत होती.

नझीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "बाई, ही आली म्हणून कळलं. जी आली नाही तिचं काय?"

मी पाटलांना जूनपासून दिलेल्या दाखल्यांची वही काढायला सांगितली.

नुसत्या नव्या दाखल्याने भागणार नव्हतं, कारण एकाच शाळेचे दोन दाखले आणि दोन तारखा झाल्या असत्या. मूळ रजिस्टर दाखवायला हवं होतं. जनरल रजिस्टर शाळेबाहेर जात नाही, हा नियम मी स्वतः तीन क्लार्कना शिकवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते माझ्या हाताने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि पाटलांच्या मांडीवर ठेवलं. नझीरभाईंच्या मावसभावाच्या जीपमधून ते दोघं, हर्षदा आणि तिचे वडील मुंबईला गेले. मी दिवसभर घड्याळाकडे पाहत बसले.

तिथे काय झालं ते पाटलांनी मला परतल्यावर सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत देते.

"काउंटरवर एक बाई व्हती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हनली, दोन तारखा, मी खरी कंची मानू? मी रजिस्टर सोडतोय तवर ह्ये नझीरभाई पुढं. म्हनाले, मॅडम, चूक माजी हाय. शालेची नाय, पोरीची नाय. ह्ये घ्या लिवून आनलंय, खाली सही हाय. ती वाचतच ऱ्हायली. म्हनली, या खिडकीवर आजपोतूर कोनी चूक माजी हाय म्हनला नाय. मंग तिनं रजिस्टर बगितलं. अक्षर कोनाचं? म्हनलं, माजं. तर म्हनते, लिवून दाखवा. हितंच, माज्या समोर. म्या लिवलं, एक जून एकोनीसशे एक्यान्नव. तिनं दोन्ही शेजारी धरलं. बारा वर्सं झाली बाई, पन माजा 'जू' तसाच! शिक्का मारला. साडेतीन वाजले व्हते."

"कुठले साडेतीन?" नझीरभाई मागून म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला विनोद.

त्यानंतरचा महिना आमच्या ऑफिसने कसा काढला ते मलाच माहीत. जूनपासून गेलेल्या प्रत्येक दाखल्याची यादी झाली, प्रत्येक घरी माझ्या सहीचं पत्र गेलं. ज्यांचा पत्ता लागेना, त्यांच्याकडे हे दोघं पाटलांच्या स्कूटरवरून गेले. रोडपाली, करंजाडे, पार द्रोणागिरीपर्यंत. पाटील हँडल धरून, नझीरभाई मागे दाखल्यांची पिशवी पोटाशी धरून. पाटील मला म्हणाले, "मागं बसून गप ऱ्हातील तर शपथ. रस्ताभर तारखा बोलत व्हते." शाळेचं नाव गेलं नाही. एका आजोबांनी तर नवा दाखला घेऊन विचारलं, "चूक सांगायला घरी आलात? बसा, जेवून जा."

पुढे नझीरभाईंनी सगळं नव्याने बांधलं. जन्मतारखेचे सेकंद करणं त्यांनी बंद केलं. "जन्मतारीख म्हणजे वेळ नाही बाई, ती नावासारखी आहे. हर्षदा लंडनला गेली तर तिचं नाव बदलतं का? जशी लिहिली तशीच ठेवायची." आणि अक्षरी रकाना आता माणूसच रजिस्टर बघून वेगळा टाइप करू लागला. मशीनने फक्त दोन्ही जुळतात का ते पाहायचं आणि जुळलं नाही तर अडून बसायचं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "नझीरभाई, आपण एवढा जीव टाकला त्या एक जूनसाठी, आणि ती तर मुळात खरीही नाही."

ते लिंबू पिळत होते. "खरी आपल्या हातात नव्हती. सगळीकडे एकच ठेवणं हातात होतं."

त्यानंतर दर वर्षी एक जूनला, शाळेला सुट्टी असताना, ते ऑफिसात यायचे. बरोबर नानखटाईचा डबा, कारण कागदोपत्री वाढदिवस. हात धुवायचे, कुठलंही एक रजिस्टर काढायचे आणि त्यातल्या सगळ्या एक जूनवाल्या मुलांच्या नोंदी मशीनशी ताडून पाहायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाढदिवसाला माणसं दर्ग्यावर जातात, मंदिरात जातात. मी इथे येतो."

तुम्ही दोघं जन्मलात तेव्हा तुमच्या जन्मतारखा मी माझ्या वहीत अंकी आणि अक्षरी लिहिल्या, आणि पुढे गावाचं नाव लिहिलं, कारण तुमची तारीख तुमच्या गावची आहे. माझ्याकडे तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. तुमच्या वाढदिवसाला माझा फोन कधी एक दिवस आधी आला नाही आणि कधी उशिरा आला नाही, याचं श्रेय मला देऊ नका. हर्षदा आता वाशीला एका हॉस्पिटलात आहे. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तीच होती. केसपेपरवर माझी जन्मतारीख तिने आकड्यात लिहिली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी अक्षरांतही लिहिली.

मी निवृत्त झाल्यावर नझीरभाईंची भेट क्वचितच व्हायची. अम्मी गेल्या होत्या, ते स्वतः वाळले होते. शेवटचं पाहिलं ते दोन हजार सोळाच्या एक जूनला. मी बाजारातून येताना शाळेवरून जात होते. फाटक उघडं होतं, मैदान रिकामं. ऑफिसची खिडकी उघडी दिसली म्हणून जवळ गेले आणि बाहेरच थांबले.

खिडकीजवळच्या टेबलाशी नझीरभाई रजिस्टर उघडून बसले होते. पानापासून एक बोटभर वर बोट धरलेलं. आणि समोर कम्प्युटरपाशी, ज्यांनी निवृत्त होईपर्यंत त्या यंत्राला हात लावला नाही, ते पाटील, नाक पडद्याला टेकेल इतके वाकून बसले होते. मधे नानखटाईचा डबा उघडा होता.

"एक जून एकोणीसशे चौऱ्याण्णव," नझीरभाईंनी अक्षरी रकाना वाचला.

पाटलांनी चष्मा वर केला, पडद्यावरची ओळ शोधली, सावकाश वाचली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "फुडं बोला."